एचपीएलसी फक्त फोटोत बघितलंय, मग तीन वर्षं मी शिकले तरी काय?

यावेळचं पत्र आपल्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातनं आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडं कापून देतेय. (एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन, आणि क्यूसी म्हणजे कंपनीतला औषध तपासणारा विभाग.)

"ताई, यंदा बीएस्सी केमिस्ट्रीचं तिसरं वर्ष संपलं. मार्क बरे आहेत, 75 च्या वर. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलं. पहिलाच प्रश्न, एचपीएलसी चालवलंय का? मी म्हटलं फोटोत बघितलंय, तर दोघेही हसले. मग नॉर्मॅलिटी, बफर, बीअर-लॅम्बर्ट लॉ असं विचारलं ते मला आलं. चार दिवसांनी फोन आला की क्यूसीमधे ट्रेनी म्हणून घेतो, 16 हजार. पण मला त्या हसण्याचंच लागून राहिलंय, घरी येऊन रडले. इंटर्नशिप पण काकांच्या मेडिकल स्टोअरचा शिक्का मारून झालेली, म्हणजे कामाचं असं मला काहीच येत नाही. बाबा म्हणतात खाजगीत जायचंच नाही, सरकारी बघू, ओळखीचा एकजण आहे, काही लाख लागतील, काजूचा तुकडा विकू. आई म्हणते चौथं वर्ष कर. मैत्रीण पुण्यात डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करतेय, 80 हजार फी, ती म्हणते केमिस्ट्रीत काही राहिलेलं नाही. मी काय करू? गोंधळलेली, डिचोली."

अगं, ते हसले आणि चार दिवसांनी त्यांनीच फोन केला, यातलं दुसरं तू विसरलीस बघ. त्यांना माहीत असतं की कॉलेजात एचपीएलसी असलं तरी ते एका खोलीत कुलूप लावून ठेवलेलं असतं, लाखोंचं मशीन आहे, त्यातला कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, खराब झाला तर नवीन घ्यायला प्रिन्सिपलची सही लागते, तिथे एफवाय-एसवायच्या पोरांना कोण हात लावू देणार. मी स्वतः काही वर्षं अशा लॅबमधे काढलीत आणि फ्रेशर घेताना हा प्रश्न आम्हीही विचारायचो, उत्तर 'नाही' येणार हे धरूनच. बघायचं असायचं ते एवढंच की पोरगी थाप मारते का. तू फोटो म्हणालीस, तिथेच अर्धं काम झालं तुझं.

आता मशीनचं म्हणशील तर कुठलं बटण कधी दाबायचं, सॅम्पल कसं लावायचं, सॉफ्टवेअरमधे सिक्वेन्स कसा टाकायचा हे महिन्या-दोन महिन्यांत कुणालाही येतं, बारावी झालेल्यालाही येतं. खरी गोष्ट सुरू होते ती मशीन नीट चालत नाही त्या दिवशी. समज काल औषधाचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, सहाव्या मिनिटाला येत होता तो आज सव्वापाचला यायला लागला, आता बटणवाला काय करणार, तो सिनियरला हाक मारणार. आणि ज्याला केमिस्ट्री कळलीय तो आधी मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधनं वाहणाऱ्या द्रावणाचा, पीएच तपासेल, कारण पीएच थोडा सरकला की त्या औषधाचं आयनायझेशन बदलतं, आयनाइज झालेला रेणू सी-18 कॉलमला तितका चिकटत नाही, लवकर बाहेर पडतो. हे तुला सेकंड इयरला शिकवलंय गं! फक्त तेव्हा ते पाच मार्कांची टीप म्हणून शिकवलं, त्याचा वेर्ण्यातल्या कुठल्या गोळीच्या बॅचशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कसं, शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः कधी कारखान्याच्या गेटच्या आत गेलेले नसतात. बीअर-लॅम्बर्टचं पण तसंच, यूव्हीवर रोजच्या रोज जे अ‍ॅसे काढतात, म्हणजे शोषलेल्या प्रकाशावरनं गोळीत औषध किती ते बघतात, ते त्याच नियमावर. त्यांनी तुला तेच विचारलं ना? उगाच नाही विचारलं.

तेव्हा शिकलेलं वाया गेलं हे डोक्यातनं काढ. पण एक गोष्ट कॉलेजात तू शिकलीयस जी विसरावी लागेल, आणि ती कोणी तोंडावर सांगत नाही म्हणून मी सांगते.

प्रॅक्टिकलला टायट्रेशनचं रीडिंग काय यायचं? 9.8 यायला हवं, आपलं आलं 11.2, मग काय करायचो आपण, सिनियरच्या जर्नलमधनं उत्तर घ्यायचं, उलट गणित करायचं, ब्युरेट रीडिंग तीन वेळा 9.8, 9.8, 9.8 लिहायचं आणि सरांची सही. केलंयस ना? सगळ्यांनी केलंय. सरांनाही माहीत असतं, कारण मार्क बरोबर उत्तराला आहेत, तू काय बघितलंस त्याला नाहीत. औषध कंपनीच्या लॅबमधे हाच सगळ्यात मोठा गुन्हा आहे. चुकीचं रीडिंग येणं हा गुन्हा नाही, ते आलं तर त्याला ओओएस म्हणतात, म्हणजे स्पेसिफिकेशनच्या बाहेर, त्याची रीतसर चौकशी होते, सॅम्पल तयार करताना चूक झाली का, बॅलन्स कॅलिब्रेट होता का, की खरंच बॅच खराब आहे. पण रीडिंग 'बसवलं' तर ते पकडलं जातं, सॉफ्टवेअरमधे ऑडिट ट्रेल असतो, कुणी किती वाजता काय बदललं सगळं राहतं, आणि अमेरिकेच्या एफडीएचे लोक येतात तेव्हा आधी तेच उघडतात. भारतातल्या कितीतरी कारखान्यांना त्यांच्याकडून वॉर्निंग लेटरं गेलीत ती याच डेटा इंटिग्रिटीवरनं, औषधात विष सापडलं म्हणून नाही.

पहिल्या आठवड्यात तुला ट्रेनिंगमधे अल्कोआ शिकवतील. म्हणजे नोंद कुणी केली ते कळायला हवं, वाचता यायला हवी, काम करतानाच केलेली हवी, मूळ हवी, अचूक हवी. हातावर किंवा चिटोऱ्यावर लिहून नंतर फेअर करायचं नाही. व्हाइटनर तर लॅबमधे दिसताच कामा नये. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही, तारीख आणि कारण. ऐकायला सोपं वाटतं पण जर्नल सजवायची सवय लागलेल्या पोरांना हे सगळ्यात जड जातं, मशीन नाही जड जात. हुशार, डिस्टिंक्शनवाली पोरं याच्यावर अडकलेली मी बघितलीत, कारण त्यांना बरोबर उत्तर द्यायची सवय असते आणि इथे कुणाला तुमचं उत्तर नको असतं, काय घडलं ते हवं असतं. तू इंटरव्ह्यूत फोटो म्हणालीस त्याचं मला बरं वाटलं ते यासाठीच.

आणि हे डिग्री मोठी की अनुभव मोठा यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे चालतं ना, त्याचं उत्तर आपल्या औषधांच्या नियमांत कधीचं लिहून ठेवलंय. औषधं बनवायच्या कारखान्यात उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली होतं तो माणूस कोण असावा हे 1945 च्या ड्रग्ज रूल्समधे दिलंय. फार्मसीचा पदवीधर असेल तर पदवीनंतर किमान 18 महिन्यांचा उत्पादनातला अनुभव, आणि केमिस्ट्री मुख्य विषय असलेला सायन्सचा पदवीधर असेल तर किमान 3 वर्षं. म्हणजे नुसती बीएस्सी घेऊन चालत नाही, आणि वीस वर्षं मशीन चालवलेल्या दहावी पास ऑपरेटरलाही त्या नियमाखाली तिथे बसता येत नाही, कितीही हुशार असला तरी. (यात त्या ऑपरेटरवर अन्याय होतो असं मला वाटतं, पण तो वेगळा विषय.) टेस्टिंगच्या बाजूलाही पदवी अधिक अनुभव असंच बघतात. 'एफडीए अप्रूव्ड केमिस्ट' (इथे एफडीए म्हणजे आपल्या राज्याचं औषध खातं, अमेरिकेचं नाही) हे शब्द तुला लॅबमधे रोज ऐकू येतील, ज्याला ते मिळालंय त्याला दुसरी कंपनी बोलावून घेते. तुझी पदवी हा त्यातला एक तुकडा आहे आणि दुसरा तुकडा कुठल्याच कॉलेजात मिळत नाही, मिळू शकत नाही, तो पगार घेऊनच शिकायचा असतो.

आता बाबांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. तू लिहिलंयस की त्यांचा खाणीवर ट्रक होता. मग मला काही विचारायचंच नाही, 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत काय झालं ते आपण बघितलंय, दारात ट्रक उभा, टायर बसलेले आणि बँकेचा हप्ता चालू. परत सुरू झाल्या आणि 2018 ला कोर्टाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. ज्या माणसाने दोनदा आपलं काम एका रात्रीत गेलेलं बघितलं तो पोरीला खाजगीत जा कसं म्हणेल? त्याच्याही आधीचं बघ, 1961 नंतर गोव्यात एकदम कचेऱ्या, शाळा, खाती उभी राहिली, पहिली कॉलेजं, धेंपे आणि चौगुले, निघाली ती 1962 ला, तेव्हा मॅट्रिक झालेल्या माणसाला हाक मारून खुर्ची देत होते. शिकला की सरकारी खुर्ची हे त्या पिढीने डोळ्यांनी बघितलेलं होतं, खोटं नव्हतं. फक्त ते तेव्हाचं. आणि आजही एलडीसीचा, म्हणजे कनिष्ठ कारकुनाचा, मूळ पगार 19,900, वर महागाई भत्ता, घरभाडं, आणि संध्याकाळी सहाला घरी, त्यासमोर तुझे 16 हजार, तर बाबांचं गणित चूक नाहीच.

चूक आहे तो ओळखीचा एकजण.

यात मी गोड बोलणार नाही. 2024 च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या, ज्यांनी लाखो दिले त्यांना ना नोकरी मिळाली ना पैसे. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरतात, बाबांना हे माहीत नसेल, सांग. आणि क वर्गाच्या भरतीसाठी आता स्टाफ सिलेक्शन कमिशन आहे, 2019 चा कायदा आहे त्याचा, कॉम्प्युटरवर परीक्षा होते, तो एकजण तिथे जाऊन काय करणार आहे? काजूचा तुकडा विकलात तर तो परत येणार नाही हे लिहून घे. बाबा ऐकत नसतील तर मामांना मधे घाल, किंवा गावातल्या कुणाचे असे पैसे बुडालेत त्याच्याशी गाठ घालून दे, असा माणूस प्रत्येक गावात सापडतो आता.

सरकारी नको असं मी म्हणत नाही हां. 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला करून ठेव, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू आहे का बघ, कोंकणी तू बोलतेसच पण लिहायची-वाचायचीही सवय ठेव, जाहिरात आली की फॉर्म भर, परीक्षा दे. पण नोकरी करता करता दे. घरी बसून वाट बघू नकोस. आपल्याकडे हीच मोठी गडबड आहे, केंद्राच्या 2023-24 च्या पीएलएफएस सर्वेत देशाचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आणि आपल्या गोव्याचा 8.5, आणि त्याच गोव्यातले कारखानदार ओरडतात माणसं मिळत नाहीत म्हणून. याचा अर्थ गोवेकर आळशी असा काढतात लोक, मला ते पटत नाही. माझ्या मते कारण असं की आपल्याला वाट बघणं परवडतं, स्वतःचं घर असतं, घरात कुणाची तरी पेन्शन नाहीतर तारवटी, म्हणजे जहाजावर असलेल्या, भावाचे पैसे असतात, त्यामुळे पोर दोन-तीन वर्षं 'सरकारी बघतोय' म्हणत बसू शकतं. जिथे रोज कमवून खायचं असतं तिथे बेरोजगार राहायला सवड नसते. पण त्या दोन वर्षांत तू तीन वर्षांत शिकलेलं सगळं विसरतेस आणि पुढच्या इंटरव्ह्यूत बफर विचारला तर तोही येत नाही. चवथीला पाहुणे येऊन विचारतात ते वेगळंच.

आईचं म्हणणं चौथ्या वर्षाचं. तुमची बॅच नव्या धोरणातली, 2023 ला आत गेलेली, म्हणून हा प्रश्न तुम्हालाच पहिल्यांदा पडलाय, मोठ्या बहिणींना विचारून उपयोग नाही. तीन वर्षांचे 120 क्रेडिट घेऊन बाहेर पडलीस तरी तुझी पदवी पूर्ण आहे, कुणी अर्धवट म्हणणार नाही. चौथं वर्ष म्हणजे 160 क्रेडिट, ऑनर्स, आणि पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के असतील तर रिसर्चवालं ऑनर्स घेता येतं, पुढे एमएस्सी एका वर्षात, पीएचडीची वाट पण तिथनं जवळ. तुला संशोधनात जायचं असेल, ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटीत चार-पाच वर्षं काढायची खरंच इच्छा असेल, तर आई बरोबर आहे, कर, मार्क आहेत तुझे. पण तुझ्या अख्ख्या पत्रात रिसर्च हा शब्द एकदाही नाही. तू चौथं वर्ष करशील ते निर्णय एक वर्ष पुढे ढकलायला, असं मला दिसतंय. क्यूसीच्या नोकरीला त्या एका वर्षाने काही फार फरक पडत नाही. एमएस्सी केलेल्यांना कंपनीत आर अँड डीमधे घेतात, वरचा पगार मिळतो हे खरं, पण ते दोन वर्षं काम करून, आपल्याला ऑरगॅनिक आवडतं की अ‍ॅनालिटिकल हे कळल्यावर केलंस तर जास्त कामाचं, वर्गात बसलेल्या बाकीच्यांना जे पुस्तकात दिसतं ते तुला हाताला आठवेल.

पुण्याच्या कोर्सचं, 80 हजार भरू नकोस. मैत्रिणीला जमतंय तर छान. तुला त्यातलं काय आवडतं ते तू एका ओळीतही लिहिलेलं नाहीस, फक्त ती म्हणते एवढंच.

म्हणजे माझं मत ट्रेनीची जागा घे. पण डोळे मिटून नाही. एचआरला फोन करून आधी एवढं विचार, लाजू नकोस, हे विचारणारी पोरगी त्यांना शहाणी वाटते. ट्रेनी म्हणजे काय, कंपनीच्या रोलवर की काँट्रॅक्टरच्या, की अप्रेंटिस? अप्रेंटिस असेल तर त्याला वेगळा कायदा आहे, 1961 चा, तिथे पगार नसतो, स्टायपेंड असतो, 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9,000 ठरवलेला, पीएफ नसतो, वर्ष संपल्यावर ठेवून घ्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं. वाईट नाही ते, सर्टिफिकेट मिळतं आणि काम शिकता येतं, काकांच्या दुकानाच्या शिक्क्यापेक्षा हजारपटीने बरं, पण आपण काय घेतोय ते माहीत हवं. 16 हजार हातात की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च? सीटीसी असेल तर त्यातनं तुझा पीएफ, ईएसआय कापला जाईल, बऱ्याच ठिकाणी कंपनीचा वाटाही त्या 16 मधेच धरलेला असतो, हातात तेरा-चौदा येतील. शिफ्ट कुठल्या, मुलींना सेकंड शिफ्टनंतर सोडायला गाडी आहे का? बाँड आहे का, किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे? आणि ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणायचं, दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय पहिल्या दिवशी जायचं नाही, 'देऊ नंतर' वर विश्वास ठेवू नकोस.

गेल्यावर पहिलं वर्ष एकाच मशीनवर अडकवून ठेवतील, डिसोल्यूशनला, म्हणजे गोळी किती विरघळते ते तपासायला, टाकलं तर तू वर्षभर डिसोल्यूशनच करत बसशील, कारण त्यांचं काम चालतं ना. सहा महिन्यांनी स्वतः जाऊन सांग मला एचपीएलसीला टाका, नंतर जीसीला, कार्ल फिशर शिकून घे, स्टॅबिलिटीमधे काय चालतं बघ. मागितल्याशिवाय मिळत नाही हे. आणि जे जे मशीन येईल त्याचं ट्रेनिंग रेकॉर्ड तुझ्या नावावर सही होऊन राहतंय का बघ, दुसरीकडे जाताना तेच विचारतात. तोंडपाठ पॉलिमरचं वर्गीकरण कुणी विचारत नाही.

सरकारी परीक्षांना स्वतःच एक हद्द घालून घे, समज तीन वर्षं. तोवर लागलं तर आनंद, नाहीतर तोपर्यंत तू तीन वर्षांच्या अनुभवाची केमिस्ट झालेली असशील पण प्रॉडक्शनकडे जायचं म्हटलंस तर लॅबचा अनुभव उत्पादनातला धरत नाहीत हे लक्षात ठेव, ती तीन वर्षं तिकडे वेगळी मोजतात, म्हणून कुठल्या बाजूला जायचंय ते पहिल्या वर्षातच ठरव.

राहिली बस. डिचोलीहून वेर्णा पन्नासेक किलोमीटर, पणजीला बदलून गेलीस तर दिवसाचे चार तास रस्त्यातच जातील, पहिल्या पावसातच कंटाळशील आणि मग सगळे म्हणतील बघ खाजगीत टिकली नाही. कंपनीची बस डिचोलीपर्यंत नाहीतर निदान म्हापसा-पणजीपर्यंत येते का ते विचार. नसेल तर नुवें-मडगावला दोघी-तिघींत खोली घे, तिचं भाडं, खाणं, शनिवारचं घरी येणं हे सगळं एका कागदावर मांड आणि हातात येणाऱ्या तेरा-चौदातनं वजा कर. खाली काहीच उरत नसेल तर ही जागा सोड, खुशाल सोड, आणि कोलवाळ, पिळर्ण, मडकईच्या इस्टेटींत अर्ज टाक, औषधांचे कारखाने तिथेही आहेत आणि तुला घरनं ये-जा करता येईल. आता तुला इंटरव्ह्यूत काय विचारतात तेही माहीत झालंय.